सकाळची वेळ पोरांची आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी झाली की माझा फोन वाजायला लागतो, तो मृग लागेपर्यंत थांबत नाही. मी कूलर दुरुस्तीचं काम करतो. मोटर भरणं, पंप बदलणं, नवी खस लावणं, गळकी टाकी बुजवणं, हे गेली एकोणीस वर्षं. मार्च संपत आला की रोज आठ-दहा घरं होतात. मानेवाडा, प्रतापनगर, खामला, धरमपेठ, कधी इतवारीतल्या जुन्या माड्या. कूलर बहुतेक घरांत मागच्या खोलीच्या खिडकीला असतो आणि पोरांच्या अभ्यासाचं टेबल त्याच खोलीत असतं. त्यामुळे भर दुपारी नागपूरची लहान लेकरं काय करत असतात, ते मला रोज दिसतं. त्याबद्दल हे पत्र.

मागच्या आठवड्यात प्रतापनगरच्या एका घरी गेलो. दुपारचे दोन वाजले होते. टेबलाशी सात वर्षांची मुलगी जाड वर्कबुक घेऊन बसलेली. मी कूलरची जाळी काढली, पंप बाहेर घेतला, तशी ती पेन्सिल ठेवून जवळ आली. टाकीत डोकावून म्हणाली, "काका, आम्ही रोज इतकं पाणी भरतो. जाते कुठं हे पाणी?"

इतका चांगला प्रश्न मला मोठ्या माणसांनीही क्वचित विचारला आहे. तिला म्हटलं, हात ओला कर आणि त्यावर फुंकर मार. तिनं मारली. "गार लागते!" म्हटलं, पाण्याची वाफ होताना ते तुझ्या हातातली गरमी घेऊन जाते. इथं पंखा फुंकर मारतो आणि खस म्हणजे ओला हात. ती पुन्हा फुंकर मारणार, तेवढ्यात आतून आईची हाक आली, "बेटा, अकरा पानं राहिली आहेत, काकांना काम करू दे." ती जाऊन बसली. जाताजाता मी विचारलं, खाली खेळायला कधी जातेस? ती बोटं मोजत म्हणाली, "सकाळी क्लास असते, दुपारी ऊन असते, संध्याकाळी अबॅकस असते."

तिच्या आईला दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्या ताईंनी मला न मागता थंड पन्हं दिलं आणि मुलीच्या अक्षराची काळजी बोलून दाखवली. काळजी खरी होती. पण त्या लेकराच्या तीन बोटांत अख्खा उन्हाळा संपला होता, ते माझ्या डोक्यातून जाईना.

आपल्या गावचा उन्हाळा इतर ठिकाणांसारखा नाही. मे महिन्यात इथं साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तेव्हापासून आठ-साडेआठपर्यंत हवा बरी असते. नऊला ऊन चटके देतं. अकरानंतर रस्त्यावर दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी दिसत नाही. पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर विचारूच नका. संध्याकाळी साडेपाच-सहाला भिंती अजून आग ओकत असतात, पण अंगणात पाणी मारलं की सात-साडेसातपर्यंत खेळता येतं. म्हणजे दिवसाचे साडेचार-पाच तासच लेकरांना बाहेर पडण्याजोगे आहेत, त्यातही सकाळचे सगळ्यात चांगले. आणि समर क्लासची वेळ कोणती? सात ते दहा. अक्षरसुधार सातला, इंग्रजी उच्चारांचं फोनिक्स आठला, गणित नऊला. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, त्याचा मलाही फार अभिमान वाटला, पण त्यानंतर मी जातो त्या कितीतरी घरांत सकाळी बुद्धिबळाचाही क्लास सुरू झाला. पटाला ऊन लागत नाही. तो दुपारीही मांडता येतो.

क्लासवाल्यांनाही उन्हाच्या आत मुलं घरी पोचवायची असतात, हे मला कळतं. पण दिवसातले खेळायचे तास अभ्यासाला दिले आणि घरात बसायचे तास मोकळे सोडले, तर त्या मोकळ्या तासांत मूल मोबाईलच धरणार. अकरा ते पाच, सहा तास. मी घराघरांत बघतो ते हेच. सोफ्यावर आडवं पडलेलं लेकरू, तोंडावर पडद्याचा उजेड, आणि माझी हातोडी वाजली तरी मान वर होत नाही.

हे माझ्या घरीही झालं आहे. माझा मुलगा आता तिसरीतून चौथीत गेला. गेल्या उन्हाळ्यात त्यालाही सकाळच्या क्लासला घातलं होतं. मी दहावीनंतर आयटीआय केलं, पुढे शिकता आलं नाही. पोरगा मागे पडू नये ही भीती मला शिकलेल्या बापापेक्षा जास्तच वाटते. वस्तीतल्या सगळ्यांची मुलं जात होती, फी भरली, पाठवलं. तो सव्वादहाला उन्हातून लाल होऊन यायचा, आंघोळ करून झोपायचा, उठला की त्याच्या आईचा मोबाईल. संध्याकाळी मैदानावर चल म्हटलं तर पाय ओढायचा. मेअखेर त्याला बाराचा पाढा घडाघडा येत होता. एके दिवशी सहज विचारलं, बारा-बाराच्या चार पेट्या केळी आली, किती झाली? तो माझ्याकडे बघतच राहिला. बारा चोक विचारलं असतं, तर लगेच अठ्ठेचाळीस म्हणाला असता.

यंदा माझी आई म्हणाली, "पोराले सकाळी सोड. दुपारी मी पाहतो त्याचं." नागपूरकडच्या बायका 'मी पाहतो' म्हणतात, पुणेकरांनी हसू नये. आईनं तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम केलं. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि अंगणवाडीची कल्पना त्याही आधी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी रुजवली. १९४५ मध्ये ताराबाई पालघरकडच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. बिया, खडे, पानं, काड्या हेच साहित्य. आईच्या प्रशिक्षणात हे सगळं शिकवलं होतं आणि तिनं ते मनावर घेतलं. तिच्या पेटीत अजूनही फोडलेले चिंचोके आहेत, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे.

तर आमच्या घरचं यंदाचं असं आहे. पोरगा साडेपाचला उठतो. त्याला उठवावं लागत नाही, मित्र खालून हाका मारतात. पाणी पिऊन, डोक्याला रुमाल बांधून मैदानावर. आठच्या ठोक्याला परत, याला सूट नाही. तिथं कोणी शिकवणारा नाही. क्रिकेट चालतं, कंटाळा आला की लगोरी, कधी माझ्याकडून शिकलेला गिल्लीदंडा. कोण आधी खेळणार, आउट होता की नव्हता, बॉल नालीत गेला तर काढणार कोण, हे सगळं ती नऊ-दहा वर्षांची पोरं स्वतः भांडून ठरवतात. मी दोनदा मध्ये पडलो आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे खेळ मोडला. आता लांब बसून चहा पितो.

दुपारी जेवण, झोप, आणि तीनच्या सुमाराला अर्धा तास अभ्यास. अर्धाच तास, घड्याळ लावून. त्यासाठी पुस्तक विकत घेतलेलं नाही. पहिल्या दिवशी मी टेप दिला आणि म्हटलं, आपल्या कूलरच्या टाकीत किती पाणी मावतं सांग. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, पाणी एक फूट चढतं. चार घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, हे मी सांगितलं. २८ चोक त्यानं कागदावर केलं, ११२. मग म्हणाला, खोटं असेल तर? म्हटलं, बादलीनं मोज. आमची बादली १५ लिटरची. सात बादल्या पूर्ण गेल्या आणि आठवी अर्धी. सात पंधरे एकशे पाच आणि वर अर्ध्या बादलीचे सात-साडेसात. त्याचा चेहरा असा उजळला, जसा मैदानावर सिक्सर मारल्यावर उजळतो. गणित खरं निघतं, हे त्याला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कळलं होतं.

पुढचे आठ दिवस टाकी हेच पुस्तक. रोज किती बादल्या लागतात, ते तो दारामागे खडूनं रेघा मारून ठेवतो. कडक उन्हाच्या दिवशी दहा लागल्या. दीडशे लिटर. मग स्वतःच माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशोब करत बसला, महिन्याचं किती? तीस दिवसांचे ४५००, आणि मे ३१ चा म्हणून आणखी दीडशे, ४६५०. आकडा बघून गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी घर थंड असतं तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवतो. मी सांगितलं नव्हतं. ढगाळ दिवशी बादल्या कमी लागतात, तेही त्याच्याच रेघांवरून त्याला दिसलं, आणि मुंबईच्या आत्याला फोनवर त्यानं समजावलं की तुमच्याकडची हवा आधीच ओली आहे, म्हणून तिथं आमचा कूलर चालणार नाही. एकोणीस वर्षांत मला कोणाला हे इतकं सोपं सांगता आलं नाही.

एक दिवस मीटर. दोनशे वॅटचा कूलर पाच तास चालला की एक युनिट. एक दिवस माझ्या आईसोबत अष्टाचंगा. चार चिंचोके टाकायचे, चारही पांढरे तर चार घरं, चारही काळे तर आठ. सोंगटी घरापर्यंत न्यायला किती दान हवं, हे तो आता न मोजता सांगतो. आई त्याच्याकडून रोज पेपरमधली एक बातमी मोठ्यानं वाचून घेते, कारण तिला चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नाही. ती खोटं बोलत नाही, खरंच दिसत नाही, म्हणून तो मन लावून वाचतो. अडला की ती थांबते, शब्द सांगत नाही. 'अध्यादेश' या शब्दावर दोघं दोन मिनिटं बसले होते. तो त्याचा त्यानं लावला. कुरडया घातल्या त्या दिवशी गच्चीवर किती ओळी, एका ओळीत किती, कावळ्यानं नेल्या किती, हेही झालं. ती वजाबाकी.

सुटीत मुलं विसरतात, हे खोटं नाही. पाढे, स्पेलिंग, हातची वजाबाकी हे रोजच्या सवयीचं असतं, दोन महिने हात लावला नाही तर गंजतं. शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस उजळणीतच जातात, असं मुलाच्या वर्गशिक्षिका दरवर्षी सांगतात. म्हणून अभ्यास अजिबात नको असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. रोजचा थोडा हवाच. थोडा म्हणजे किती, याला सरकारी उत्तर आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं लिहिलं आहे. म्हणजे रोज जेमतेम सतरा-अठरा मिनिटं, आणि हे शाळा चालू असतानाचं. मग सुटीत दुसरीतल्या मुलीला एका बैठकीत अकरा पानं कोणत्या हिशोबानं?

खेळाचाही आकडा आहे. कूलरच्या कामानं एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे जाणं होतं. ते म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आणि उघड्यावरच्या उजेडात जास्त वेळ राहणाऱ्या मुलांना लांबचा नंबर, म्हणजे दूरचं अंधुक दिसण्याचा चष्मा, लागण्याचं प्रमाण कमी असतं. त्यांच्या दवाखान्यात सहा-सात वर्षांची चष्मेवाली मुलं बाकावर ओळीनं बसली होती, प्रत्येकाच्या हातात आईचा मोबाईल.

आता एक गोष्ट, जी मला जास्त छळते. खामल्याच्या एका अपार्टमेंटमध्ये चार कूलरचं काम होतं, दोन दिवस गेलो. खाली चौकीदाराची मुलगी, आठ वर्षांची, सकाळपासून अंधार पडेपर्यंत खेळते. झाडावर चढते, बिल्लस आखते, छोट्या भावाला काखेत घेऊन पळते. वरच्या मजल्यावरचा तिच्याच वयाचा मुलगा खिडकीतून तिच्याकडे बघत वर्कशीट भरतो. मी तिला माझ्या पंपाच्या खोक्यावरचं मराठी वाचायला सांगितलं. 'सूचना' तिनं तीन वेळा चुकवलं. तिच्याशी दुपारी अर्धा तास कोणी बसत नाही, आणि त्याला सकाळी कोणी सोडत नाही. एका जिन्याचं अंतर आहे. त्या मुलाच्या आईला मी काम संपल्यावर भीतभीत म्हटलं, ताई, दुपारी हिला वर बोलवा, दोघं मिळून वाचतील, आणि सकाळी त्याला खाली पाठवा. त्या हो म्हणाल्या. पुढं काय झालं ते बघायला मी परत गेलो नाही, पण त्यांचा पत्ता माझ्या वहीत आहे आणि जूनमध्ये कूलर झाकायला जाणार आहे.

सुटीही पूर्वीसारखी लांब राहिलेली नाही. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एकाच वेळापत्रकानं ८ ते २५ एप्रिलमध्ये घेतल्या. पुण्या-मुंबईला ते चालत असेल, इथं एप्रिलच्या भर उन्हात पेपर देऊन घरी येणारी पोरं मी रस्त्यावर बघितली आहेत. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, २०२४ मध्ये १ जुलैला उघडल्या होत्या, २०२५ मध्ये २३ जूनलाच. दोन्हीकडून सुटी आखडत आली. उरलेल्या आठ आठवड्यांतल्या सकाळी तरी वाचवूया.

पण सकाळी सोडायचं कुठं, हा प्रश्न पालक मला विचारतात, आणि तो रास्त आहे. आमच्या भागात चालत जाण्याच्या अंतरावर तीन मैदानं आहेत. एक शाळेचं, सुटी लागल्या दिवशी फाटकाला कुलूप. दुसरं सकाळी पूर्णच्या पूर्ण फी भरून येणाऱ्या क्रिकेट शिबिराला दिलेलं, बाकीच्या पोरांना कडेलाही उभं राहू देत नाहीत. तिसऱ्यावर लग्नाचा मंडप आणि मंडप निघाला की खिळे. माझ्या मुलाचा मित्र गेल्या महिन्यात खिळ्यावर पडला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. तो आता घरीच असतो.

माझी मागणी मोठी नाही. एप्रिलच्या शेवटापासून शाळा उघडेपर्यंत महानगरपालिकेनं आपली मैदानं आणि आपल्या शाळांची पटांगणं सकाळी साडेपाच ते साडेआठ, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात वस्तीतल्या लहान मुलांना विनामूल्य खुली ठेवावीत. शिबिराला मैदान द्यायचं असेल तर अर्धं द्यावं. मंडपवाल्याकडून खिळे वेचून घेतल्याशिवाय त्याची अनामत परत करू नये. प्यायच्या पाण्याचा एक नळ चालू ठेवावा. खाजगी शाळांनाही हीच विनंती. पाहिजे तर पालकांकडून लिहून घ्या, पण कुलूप काढा. आणि क्लास घेणाऱ्या ताई-दादांनो, तुमचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही, मीही हंगामावरच जगतो. दहा वर्षांखालच्या मुलांना सकाळी साडेआठच्या आत बोलावू नका, एवढंच. उन्हाची अडचण असेल तर आपापल्या इमारतीतलीच मुलं घ्या, तासाऐवजी अर्धा तास घ्या.

आमच्या जवळच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी भेटलो होतो. ते म्हणाले, चौकीदार सुटीवर आहे, सकाळी साडेपाचला कुलूप कोण उघडणार? मी उघडीन. माझं पहिलं काम नऊला असतं. साडेपाचला किल्ली घ्यायला येईन, साडेआठला कुलूप लावून परत देईन, आणि पटांगणातला बंद पडलेला नळही दुरुस्त करून देईन, त्याचे पैसे नकोत. शाळेनं अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्र छापून आलं तर कात्रण घेऊन मी पुन्हा जाईन.

आपला नम्र,
एक कूलर मेकॅनिक
मानेवाडा, नागपूर